बेळगावच्या पाटीखालचा कनेक्टर

मित्रांनो, मी एक जुना कनेक्टर आहे. चिनीमातीचा, पांढरा, तुमच्या अंगठ्याच्या पेराएवढा. माझ्या पोटात दोन पितळी नळ्या शेजारी शेजारी आहेत आणि त्यांच्या मध्ये चिनीमातीची भिंत आहे. एका बाजूने तारांची एक जोडी आत येते, दुसऱ्या बाजूने दुसरी जोडी बाहेर पडते, आणि चार छोटे स्क्रू त्यांना धरून ठेवतात. पितळ वीज जाऊ देते, चिनीमाती जाऊ देत नाही. एवढंच माझं शास्त्र आहे.

माझी उमेदीची वर्षं एका आगगाडीखाली गेली, पण ती गाडी मी कधी पाहिली नाही. मी फळीच्या खालच्या अंगाला होतो आणि गाडी वरच्या. तिचं इंजिन कोणत्या रंगाचं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. तिचा वेग मात्र मला कळायचा, कारण तिला लागणारी वीज माझ्यातून जात होती. बाकीचं सगळं मी माणसांच्या बोलण्यावरून जुळवलं. मला लहानपणापासून कान देऊन ऐकायची सवय आहे.

माझं लहानपण म्हणजे माती. पांढरी माती दळून, गाळून, साच्यात दाबली आणि आमची रांगच्या रांग भट्टीत गेली. भट्टीत शिरताना मी जरा मोठा होतो. बाहेर आलो तो लहान आणि कठीण होऊन. असं का व्हावं, याचा मी पुष्कळ विचार केला. मातीतलं पाणी उडून गेलं, कणांमधल्या पोकळ्या मिटल्या, म्हणून मी आकसलो. जे आकसलं ते पुन्हा मऊ होत नाही, हेही तेव्हाच समजलं. मग कोणीतरी माझ्यात पितळ सरकवलं, स्क्रू फिरवून पाहिले आणि मला पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकलं.

खोकं उघडलं ते मुंबईच्या लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या एका दुकानात. गोळ्या-बिस्किटांच्या दुकानात असते तसल्या काचेच्या बरणीत आम्हाला भरलं. समोरच्या खुंट्यांवर तारांची वेटोळी टांगलेली होती: जाड, बारीक, लाल, काळी, काही सुताची वेणी घातलेली, काही दोरीसारखी पिळलेली. आत सगळ्यांच्या तांबंच. मग इतके प्रकार कशाला? हा प्रश्न मी बरणीत बसून रोज स्वतःला विचारायचो. दुकानासमोरच्या भिंतीवर ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ असं कोणीतरी रंगवलं होतं. पावसाने अक्षरं धुतली जात आणि कोणीतरी ती पुन्हा रंगवून जाई. तेही माझ्या दृष्टीने एक कोडंच होतं.

सन एकोणीसशे एकोणसाठचा श्रावण संपत आला होता. एके दुपारी दोन माणसं दुकानात शिरली. एक उंच, हडकुळा, त्याच्या सदऱ्यावर कापसाचे तंतू चिकटलेले. तो लवू, लालबागच्या एका चाळीत राहणारा, गिरणीच्या साचे खात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात कामाला. दुसरा ठेंगणा, खिशात स्क्रूड्रायव्हर खोचलेला. तो शामराव, वरळीच्या बीडीडी चाळीतला, त्याच गिरणीत वायरमन. दोघांची ओळख गिरणीत झाली नव्हती. ती झाली होती एका मोर्चात, एकाच फलकाची दोन टोकं धरताना.

“शेठ, तार दाखवा,” शामराव म्हणाला.

“किसके वास्ते? घर का वायरिंग?”

“आगगाडीसाठी.”

शेठने चष्मा कपाळावर नेला. “रेल्वेवाला लोक हमारे पास कब से आने लगा?”

मग लवूने सांगितलं. त्यांच्या चाळीच्या गणपतीपुढे यंदा हलता देखावा होता: टेबलं जोडून त्यांवर संयुक्त महाराष्ट्राचा मोठा नकाशा, आणि त्यावरून मुंबईहून कोकणातून बेळगावला जाणारी विजेची गाडी. कोकणात तेव्हा रेल्वे नव्हतीच. ती चाळकऱ्यांनी मनाने घातली होती. इंजिन चोरबाजारातलं, वीज मोटारीच्या बॅटरीची, रूळ गिरणीतल्या फिटरने पितळी पट्ट्या कापून केलेले.

“सावंतवाडीपर्यंत बरी जाता,” लवू म्हणाला. “पुढे आंबोलीचो घाट लागलो की मरता. बेळगाव येवचाच नाय.”

“बेळगाव भी मंगता है तुमको?” शेठ म्हणाला.

“मंगता है.”

“और मुंबई?”

त्या दिवसांत गुजराती शेठ आणि मराठी गिऱ्हाईक यांच्यामधला हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

“शेठ, तार दाखवा,” लवूने पुन्हा सांगितलं.

शेठ हसला. “दिखाता है, दिखाता है. गाडी तो चलनी चाहिए. खडी गाडी किस काम की?”

शामरावने अडचण नीट मांडली. आधी त्याला वाटलं होतं बॅटरी उतरली आहे. भरलेली बॅटरी लावली तरी तेच. मग त्याने मोटारीच्या मागच्या दिव्याचा छोटा बल्ब घेतला आणि एकेका स्टेशनाशी रुळांना टेकवून पाहिला. मुंबईला लख्ख, महाडला पिवळट, बेळगावला निखाऱ्यासारखा. त्यातही गंमत अशी, की गाडी उभी असताना बेळगावचा बल्ब जरा बरा दिसे, आणि गाडी निघाली की मावळे.

मी बरणीच्या काचेला चिकटून ऐकत होतो. गाडी निघाल्यावरच का मावळावा?

“म्हणजे आमच्या चाळीच्या नळासारखा,” लवू म्हणाला. “तळमजल्यावर कोणी नळ सोडूक नाय तोपर्यंत वरती पाणी येता. सगळ्यांनी सोडलो की वरती नुसती हवा.”

“तसंच,” शामराव म्हणाला. “वाट अरुंद आहे. वीज वाहायला लागली की वाटेतच जोर संपतो.”

माझ्या सगळ्या वेटोळ्यांचं कोडं त्या एका वाक्यात सुटलं, मित्रांनो. तार लांब असेल तर ती जाड हवी. तार जितकी बारीक आणि लांब, तितका विजेचा जोर वाटेत खर्च होतो. लवूने वापरली होती दारावरच्या घंटीची तार. घंटीला ती पुरते, कारण घंटी क्षणभर वाजते. गाडीला सतत ओढायचं असतं, तेही घाट चढून.

शामरावने ‘एक-अठरा’ मागितली. म्हणजे अठरा गेजची एकच जाड तार. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, ही उलटी मोजणी लक्षात यायला मला फार वेळ लागला होता. शेठने ती तार हातात घेतली आणि एकाच जागी चार-सहा वेळा वाकवली. तिथे ती पांढरी पडली आणि तुटली.

“टेबल खोलेगा ना बाद में? उठाके रखेगा? तो ये नहीं चलेगा. तीन-बाईस ले जाओ.”

तीन-बावीस म्हणजे बावीस गेजच्या तीन तारा एकत्र पिळलेल्या, वर रबर, त्यावर सुताची वेणी. वाकवली तर तिन्ही थोड्या थोड्या सरकतात आणि तुटत नाहीत. शामरावने लगेच मान हलवली. टेबलाखालून मुंबई ते बेळगाव अशी ही मोठी जोडी जाईल, आणि प्रत्येक स्टेशनाशी तिच्यातून बारीक लवचीक तारेचा वीतभर तुकडा वर रुळापर्यंत जाईल. लांब वाटेला जाड, आखूड वाटेला बारीक असली तरी चालते.

“आणि जोड? डाग देऊचो?” लवूने विचारलं. डाग देणं म्हणजे कथील वितळवून सांधणं.

“डोंगर कशाचे केलेत?”

“पोत्यांचा किलतान, कागद आणि गिरणीतलो रद्दी कापूस.”

“मग तिथं मी आग नेणार नाही,” शामराव म्हणाला. “शेठ, ते बरणीतले द्या.”

शेठचा हात आत आला आणि मी जगात निघालो.

ट्राममधून लालबागला येताना मी शामरावच्या खिशात होतो. मांडवात पोचलो तर तिथे भांडण चाललं होतं. मंडळाचा चिटणीस रमाकांत याने बेळगावची पाटी उपटून हातात घेतली होती, आणि लवूची बायको गंगुबाई त्याच्या वाटेत उभी होती. गंगुबाईचं माहेर बेळगावचं. पाटीसुद्धा तिनेच रंगवली होती.

“वहिनी, चतुर्थी तोंडावर आली,” रमाकांत म्हणत होता. “गाडी आंबोलीलाच थांबते, तर पाटी आंबोलीला ठोकू. लोकांना काय, गाडी आली आणि पाटी दिसली की झालं. कोण टेप घेऊन मोजायला येतंय?”

“आंबोलीत बेळगाव? मग माझ्या आईनं काय घाटात संसार केला व्हय?”

“अहो, गेल्या खेपेला तालीम बघायला शेजारच्या मंडळाची पोरं आली होती. म्हणतात, तुमच्या गाडीला दिल्लीहून रेड सिग्नल दिलाय! नाक कापलं जातंय आपलं.”

“नाक तुमचं, माहेर माझं. चतुर्थीला माझा भाऊ यायचाय तिकडनं. त्याला काय दाखवू? तुझं गाव गैरसोयीचं होतं, म्हणून अलीकडं घेतलं?”

रमाकांत वाईट माणूस नव्हता. देखावा फसला तर चाळभर तोंड दाखवायची सोय उरणार नाही, ही त्याची भीती खरी होती. त्याने सांगून टाकलं: चतुर्थीच्या सकाळपर्यंत गाडी पोचली तर पाटी जागेवर, नाहीतर आंबोलीला. मग त्याने शामरावकडे पाहिलं आणि आवाज जरा खाली आणला.

“शामराव, तुम्ही लोकांनी बौद्ध दीक्षा घेतलीत. हे गणपतीचं काम. तुम्हाला चालतं ना?”

“हात जोडायला सांगू नका. तारा जोडतो.”

गंगुबाई खुदकन हसली. रमाकांतही हसला, आणि वातावरण थोडं निवळलं.

टेबलांना भोवती कापड ठोकलेलं होतं. ते उचकटून शामराव टॉर्च घेऊन उताणा आत सरकला. मला त्याने छातीवर ठेवलं होतं, त्यामुळे त्याने जे पाहिलं ते मीही पाहिलं. फळीच्या खाली घंटीची तार मुंबईपासून निघाली होती आणि जागोजागी सांधलेली होती. दर सांध्यावर हिरवी पूड जमली होती.

“लवूभाऊ, हे सांधे कोणी केले?”

“मीच. कित्याक?”

“हिरवे झालेत. कसे केले?”

“सुताचो धागो तुटलो की सांधतंव तसेच. बोट जिभेक लावचा आणि पीळ देवचो. मगे सुटाचो नाय.”

शामरावने टॉर्च एका सांध्यावर रोखला. त्याची छाती वर-खाली होत होती आणि मी तिच्यावर हलत होतो.

“धोट्याच्या भोकातून धागा कसा ओढता तुम्ही?” त्याने विचारलं. धोटा म्हणजे मागावर उभ्या धाग्यांमधून आडवा धागा नेणारं लाकडी साधन.

“तोंडान. ओठ लावन ओढूचो.”

“माहीत आहे मला. माझा बाप साचे खात्याच्या दारापर्यंत गेला होता. काम येत होतं त्याला. आत घेतला नाही. म्हणाले, ह्याच्या तोंडचा धागा आम्ही तोंडात कसा घ्यायचा? जन्मभर दुसऱ्या खात्यात सूत काढत राहिला.”

वर गंगुबाईच्या बांगड्या वाजत होत्या, त्या थांबल्या.

“आता इथं बघा,” शामराव म्हणाला. “ही तुमच्याच तोंडची थुंकी. गाडी तिनंच अडवली आहे.”

मित्रांनो, यात काही शाप नव्हता. थुंकीत पाणी असतं आणि क्षार असतात. पावसाळ्याच्या ओल्या हवेत तांब्यावर त्यांचा थर बसला की तांबं हिरवं पडतं, आणि ती हिरवी पूड वीज नीट जाऊ देत नाही. थुंकी कोणाची, हे तांब्याला कळत नाही. ओल आणि क्षार एवढंच त्याला कळतं. बारीक तारेने वाट अरुंद केली होती आणि प्रत्येक सांध्याने तिच्यात एकेक दगड टाकला होता.

कापड पुन्हा हललं. लवू वाकून आत आला आणि शामरावच्या शेजारी उताणा झाला. दोघांचे खांदे एकमेकांना लागले.

“खरा आसा ता,” तो म्हणाला. “मी तेव्हा नाय होतंय. पण असतंय तर मीय गप्पच बसलंय असतंय.”

शामरावने टॉर्च त्याच्याकडे वळवला, मग पुन्हा फळीकडे.

“मग आता गप्प बसू नका. पक्कड द्या.”

लवूने सगळे हिरवे सांधे स्वतःच्या हातांनी सोडवले. मग नवी तार घालायचं काम सुरू झालं, आणि तिथे मला आणखी एक गोष्ट कळली. तीन-बावीसचं टोक सोललं की तिन्ही तारा विस्कटतात. एखादा धागा बाहेर राहिला आणि शेजारच्या नळीकडच्या तारेला लागला, तर वीज गाडीकडे न जाता तिथूनच परत फिरते. शामरावने लावलेल्या पहिल्याच कनेक्टरमध्ये हे झालं. बॅटरीपाशी फट् असा आवाज आला, आणि फ्यूज म्हणून घातलेली बारीक तार जळून गेली. तेव्हा लवूने टोक आपल्या हातात घेतलं. साचेवाल्याची ती लांब बोटं. त्याने एकच पीळ असा दिला, की तिन्ही तारांची एक गुळगुळीत काडी झाली.

“हे माझ्यानं होणार नाही,” शामराव म्हणाला. “पीळ तुम्ही द्या, स्क्रू मी आवळतो.”

पण सवय वाईट. दर वेळी पीळ द्यायच्या आधी लवूचं बोट आपोआप जिभेकडे जाई.

“तोंड!” शामराव ओरडे, आणि बोट खाली येई. शेवटी लवूने तोंडाला रुमालच बांधला.

“अगं बाई, दरोडा घालायचाय काय कुठं?” गंगुबाई वाकून बघत म्हणाली. तिने दोघांना चहा आणला होता. एकसारखे दोन कप तिने दोघांच्या मध्ये ठेवले, कोणाचा कोणता ते न सांगता.

माझी जागा सगळ्यांत शेवटी ठरली, बेळगावच्या बरोबर खाली. मुंबईहून आलेली जाड जोडी माझ्या एका बाजूला शिरली, बेळगावच्या रुळांना जाणारी बारीक जोडी दुसऱ्या बाजूला. शामरावने मला फळीला ठोकून बसवलं आणि स्क्रू आवळले. आवळायचंही बेताने असतं. ढिला राहिला तर सांधा तापतो, जास्त आवळला तर चिनीमाती तडकते. तो स्क्रू फिरवायचा, तार हलकेच ओढून बघायचा, आणि मग किंचित आणखी फिरवायचा.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी नव्या तारांवरची पहिली तालीम झाली. गाडी आंबोलीचा घाट चढली, माथ्यावर पोचली आणि बेळगावच्या अलीकडे रेंगाळून थांबली. वरून रमाकांतचा सुस्कारा ऐकू आला. दोष माझ्याकडे होता का? मी स्वतःला तपासलं. माझा एक स्क्रू गरम झाला होता. शामराव खाली आला आणि एकेका कनेक्टरला बोट लावत माझ्यापाशी पोचला.

“हा तापलाय,” तो म्हणाला. त्याने स्क्रू सोडला. सोलताना रबराची एक चिंधी तारेला चिकटून आत आली होती आणि स्क्रू तिच्यावर बसला होता. एवढीशी चिंधी! त्याने ती नखाने काढली आणि लवूने पुन्हा पीळ दिला. या वेळी स्क्रू तांब्यावर बसला. गाडी पुन्हा सोडायला मात्र जमलं नाही. मूर्ती आणायची वेळ झाली होती आणि मांडव माणसांनी भरून गेला. पाटी राहणार की जाणार, हे सकाळीच कळणार होतं.

सकाळी गंगुबाईचा भाऊ वसंत बेळगावहून आला. त्याचा आवाज खालच्या पट्टीतला, थकलेला. तिकडच्या सत्याग्रहात तो तुरुंगात जाऊन आला होता, असं लोक आपापसात बोलत होते. मांडवात गर्दी झाली. शामराव वर थांबला नाही. तो कापडाखालून माझ्यापाशी आला आणि उताणा पडून त्याने माझ्यावर दोन बोटं ठेवली.

“भाऊजी, वर या की, बघा तरी!” गंगुबाईने हाक मारली.

“मला इथूनच कळतं.”

बटण दाबलं गेलं. माझ्यातून वीज वाहायला लागली. आरंभी नावापुरती, मग गाडी जवळ येई तशी भरून. पनवेल, महाड, रत्नागिरी अशी नावं वरून पोरं ओरडत होती. सावंतवाडी आली. घाट लागला तशी गाडीची मागणी वाढली. मी ती पुरवत गेलो, आणि मी तापलो नाही. शामरावची बोटं माझ्यावर तशीच होती, गार.

मग माझ्या डोक्यावर फळीत चाकांची बारीक थरथर आली. ती मी आधी कधी अनुभवली नव्हती. ती पुढे सरकली, हळू झाली आणि थांबली, कारण लवूने बटण सोडलं होतं.

कोणी टाळी वाजवण्याआधी वसंतचा आवाज आला. “थांबा जरा. पाटी वाचू द्या.” मग तो म्हणाला, “अक्का, हे अक्षर कोणाचं?”

“माझं.”

“तुला कधी लिहाय याय लागलं?”

“इथल्या बायकांच्या वर्गात शिकले. नावं लिहाय शिकवली आधी. मी म्हटलं, नवऱ्याचं नाव मागनं. आधी हे.”

त्यावर जो हशा आणि टाळ्या झाल्या, त्यामुळे फळीवरची धूळ माझ्या अंगावर पडली. शामराव खाली एकटाच हसत होता.

पुढच्या वर्षी एक मेला राज्य झालं. मुंबई महाराष्ट्रात आली. बेळगाव आलं नाही. चाळीने आनंदासाठी नकाशा पुन्हा मांडला, टेबलं जोडली, शामरावने आमचे स्क्रू तपासले. तेव्हा रमाकांत पक्कड घेऊन आला आणि त्याने बेळगावची पाटी काढली. या वेळी तो लाजेपायी काढत नव्हता. त्याचं म्हणणं सरळ होतं. आज आपण या नकाशाला हार घालणार, तर नकाशा खरा असायला हवा. जे आलं नाही ते आलं असं दाखवायचं का?

गंगुबाई या वेळी भांडली नाही.

“चिटणीस, पाटी काढलीत,” शामराव माझ्याशेजारून म्हणाला. “रुळांचं काय?”

“रूळ राहू देत.”

“तार?”

“तार खाली आहे. ती कोणाला दिसते?”

“मग गाडी तिथं जाणारच. पाटी नसलेल्या स्टेशनात माणसांनी उतरायचं कसं?”

लोक हसले, पण रमाकांत हसला नाही. मग गंगुबाईचा आवाज आला, अगदी शांत.

“द्या इकडं.” ती पाटी पदराने पुसत असावी. “हे तुमच्या राज्यातलं स्टेशन नव्हं, हे मला कळतं. गाडी जाते तिथलं स्टेशन आहे. तुम्हीच लावा, रमाकांत. पण घट्ट लावा. मागल्या खेपेला हलत होती.”

थोड्या वेळाने हातोडीचे घाव सुरू झाले. फळीतून ते थेट माझ्यावर आले. तडकतो की काय अशी भीती वाटली, पण प्रत्येक घावाबरोबर मला बरंच वाटत होतं. रमाकांतने खिळा खरोखरच खोल मारला.

त्यानंतर काही वर्षं गाडी निघत राहिली. मग नवे देखावे आले, दिवे आले, पंख्यावर फिरणारी चक्रं आली. टेबलं विकली गेली. मुंबईची फळी कोणी नेली, महाडची कोणी जाळली. बेळगावची फळी गंगुबाईने कोणाला दिली नाही. ती माळ्यावर ठेवली गेली आणि तिच्याखाली मी. लवू म्हातारा झाला. शामराव सणावाराला येई, तेव्हा फळी खाली काढून माझे स्क्रू एकदा बघून जाई. पुढे तोही येईनासा झाला. का, ते मला कोणी सांगितलं नाही.

आता माझ्या पितळेवर काळपट थर आला आहे. दिवसाची ऊब आणि रात्रीचा गारवा यांनी धातू फुगतो, आकसतो, आणि स्क्रू आपोआप ढिले होत जातात. कोणी ते सैल केले नाहीत. कोणी ते आवळले नाहीत, एवढंच. सांधे असे सुटतात, मित्रांनो. ते तुटल्याचा आवाज होत नाही.

म्हणून तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्या घरात, शाळेत, गल्लीत कोणी दोन टोकं जोडून ठेवली असतील, तर ती जोडलेली आहेत असं धरून चालू नका. हात लावून बघा. तापली आहेत का, हिरवी पडली आहेत का, मध्ये एखादी चिंधी अडकली आहे का? आणि आवळा, पण तडकेल इतकं नाही. मोठ्या विजेची तार असेल तर आधी मोठ्या माणसांना बोलवा.

आणि कधी लालबागच्या एखाद्या माळ्यावर एक फळी सापडली, वर खोल खिळ्याने ठोकलेली पाटी आणि खाली पांढरा कनेक्टर, तर ती टाकून देऊ नका. माझ्यात अजून चारही तारा आहेत. एक स्क्रूड्रायव्हर आणा.